दुभत्या गाईच्या लाथा : मेलकाऊ, आमच्या पतसंस्थेच्या गोठ्यात

मेलकाऊ म्हणजे स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर. आधी त्याचे मार्क देऊन टाकतो. पाचापैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच, आणि त्यातला अर्धा खरं म्हणजे माझा कापायला हवा.

आमची पतसंस्था चिपळूणची. मुख्य कार्यालय, सात शाखा, ५८ मेलबॉक्स. मी लागलो लेखनिक म्हणून. प्रिंटर अडकला की घाबरत नाही, एवढ्या एका गुणावर पुढे ‘संगणक विभाग’ झालो. विभागात मी एकटाच, त्यामुळे मतभेद होत नाहीत.

आमचे मेल तोवर वेबसाइटच्या पॅकेजबरोबर फुकट मिळालेल्या सोयीवर चालायचे. फुकट आहे म्हणून कोणी तोंड उघडत नव्हतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (खोट्या मेलचं काय करायचं ते) हे तिन्ही सक्तीचे. बाकीच्यांना निदान पहिल्या दोनांतलं एक, शिवाय आयपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून, नाव आणि नावावरून आयपी दोन्हीकडून जुळायला हवं. आमच्या फुकटच्या सोयीत डीकिमचं बटणच नव्हतं, आणि त्याच आयपीवरून आणखी कोण कोण काय पाठवत होतं ते देव जाणे. त्या मार्चमध्ये कर्जमंजुरीची पत्रं सभासदांच्या स्पॅममध्ये जाऊन पडायला लागली. सावर्ड्याचे एक सभासद काउंटरवर येऊन म्हणाले, “तुमचं पत्र लॉटरीच्या मेलशेजारी सापडलं हो.”

मग मासिक सभेत विषय ठेवला. दर मेलबॉक्समागे पैसे घेणाऱ्या सेवेचं कोटेशन आणलं होतं, तेही ठेवलं. आकडा बघून खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. स्वतःचा सर्व्हर उभा करू म्हटल्यावर चेअरमनसाहेबांनी एकच प्रश्न विचारला, “आणि तू उद्या आजारी पडलास तर?” मी म्हटलं, “पडणार नाही.” सगळे हसले आणि ठराव पास झाला. प्रश्न मात्र तसाच राहिला.

‘स्वतःचा सर्व्हर’ म्हटलं की लोकांना वाटतं ऑफिसातल्या कपाटाशेजारी एक डबा घरघरत बसणार. आमच्याकडे ते कोणी सुचवलंही नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरचा एकही संगणक वाचला नाही. जुने मेल त्यातल्याच एका मशीनच्या आउटलुकमध्ये होते. नंतर हार्ड डिस्क उघडली तर आत चिखल. त्यामुळे सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतला : चार कोअर, आठ जीबी रॅम, १६० जीबी डिस्क, महिना २,१०० रुपये. पुराचा विषय बाजूला ठेवला तरी ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून मेल सर्व्हर चालवू नये. आयपी बदलत राहतो, उलट नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) आपल्या हातात नसते, आणि स्पॅमहाउससारख्या स्पॅम रोखणाऱ्यांच्या याद्यांमध्ये असे घरगुती आयपींचे पट्टे आधीच टाकलेले असतात. म्हणजे दुकान उघडण्याआधीच शटर सील.

आता मेलकाऊ. हा काही एकच प्रोग्रॅम नाही. मेल नेण्या-आणण्याला पोस्टफिक्स, पेटीत ठेवायला डोव्हकॉट, स्पॅम हुंगायला आरस्पॅमडी, व्हायरसला क्लॅमएव्ही, ब्राउझरमधून बघायला सोगो, असे दीड डझन कंटेनर (एकेका प्रोग्रॅमचा वेगळा डबा) डॉकर नावाच्या सोयीवर एका दावणीला बांधलेले आहेत, आणि वर एक नीटस अॅडमिन पॅनल. पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट ही जुनी, मुरलेली खोडं. पहिलं व्हीत्से व्हेनेमा यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी आयबीएममध्ये लिहिलं, दुसरं २००२ पासून फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचं. २०१९ मध्ये मी हीच दोन हाताने जोडून बघितली होती. तीन रविवार गेले आणि शेवटी मेल फक्त मलाच जात होते. मेलकाऊ मी एका दुपारी उभा केला. चहा दोनदा झाला, तेवढाच वेळ.

दुसरे पर्यायही चाचपले. मेल-इन-अ-बॉक्स सोपा आहे, पण त्याला तुमचं डीएनएसही (डोमेनचे पत्ते सांगणारी नोंदवही) स्वतःकडे हवं असतं आणि आमची वेबसाइट दुसरीकडे. आयरेडमेल दणकट आहे, पण फुकटच्या आवृत्तीतलं पॅनल फार तोटकं.

मेलकाऊला रॅम लागते, हे पहिल्याच दिवशी समजून घ्या. ते स्वतःच किमान सहा जीबी सांगतात आणि ते खोटं नाही. एकट्या क्लॅमएव्हीला एक जीबीच्या वर लागते. चार जीबीत बसवण्याचा कंजूषपणा करायचा असेल तर क्लॅमएव्ही बंद करता येतं, पण आमच्या शाखांत पेन ड्राइव्ह ज्या तऱ्हेने फिरतात ते पाहता माझी हिंमत झाली नाही.

इन्स्टॉल झाल्यावर अॅडमिनचा पासवर्ड असतो ‘मूहू’. ही गंमत जगजाहीर आहे, त्यामुळे पॅनल उघडल्याच्या पहिल्या मिनिटात तो बदला आणि लगेच दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. चहा नंतर.

एक चूक मात्र मी केलीच. यूएफडब्ल्यू या फायरवॉलने ४१९० नंबरचा पोर्ट (सर्व्हरचं एक दार) बंद केला, हात झटकले, आणि रात्री घरून तपासलं तर पोर्ट सताड उघडा. डॉकर आपले पोर्ट उघडताना यूएफडब्ल्यूला विचारतच नाही, थेट आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या खालच्या थरातल्या फायरवॉलमध्ये, नियम घालतो. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदारी नुसती कडी, तशातली गत. हे मेलकाऊच्या माहितीपानांत लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं. आता तो पोर्ट मेलकाऊच्या कॉन्फिग फाइलमधूनच आतल्या पत्त्याला बांधलाय, आणि भाड्याच्या सर्व्हरवाल्याच्या पॅनलमधली फायरवॉलही वेगळी लावली आहे. दुरून सर्व्हरवर शिरायची वाट (एसएसएच) पासवर्डवर नाही, फक्त डिजिटल किल्लीवर.

सॉफ्टवेअर इथेच संपलं. बाहेर आमची पत उभी करायला पुढचे दोन महिने गेले. पतसंस्थेत काम करून ‘पत’ या शब्दाचा अर्थ मला मेल सर्व्हरने शिकवला म्हणायला हरकत नाही.

मिळालेला पहिला आयपी एका काळ्या यादीत निघाला. आधीच्या भाडेकरूची उधारी. खोली आम्ही घेतली आणि वाणी आमचं दार वाजवतोय. तिकीट टाकून दुसरा आयपी मागितला. पोर्ट २५ (मेल बाहेर जायचं दार) बाहेरच्या दिशेला बंद होता, तोही काय पाठवणार, किती पाठवणार हे लिहून दिल्यावर उघडला. उलट नोंद लावून घेतली, पण आयपीव्ही६ ची (नव्या, लांब प्रकारच्या आयपीची) विसरलो. जीमेलने तेवढेच मेल परत पाठवले, अगदी कारण लिहून. त्यांचं बरोबर होतं.

डीकिमची मजा वेगळीच. मेलकाऊ २०४८ बिटांची किल्ली तयार करून देतो, ती डीएनएसमध्ये टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद म्हणून टाकायची. ही किल्ली चारशे अक्षरांच्या आसपास असते आणि डीएनएसच्या एका तुकड्यात २५५ च्या वर अक्षरं बसत नाहीत. चांगली पॅनलं आपणहून दोन तुकडे करतात. आमच्या डोमेनवाल्याच्या पॅनलने शेपूट कापलं आणि वर हिरवी बरोबरची खूण दाखवली! मी दोन दिवस सर्व्हरमध्ये शोधत होतो. शेवटी मेलकाऊच्या डोमेनच्या पानावरच्या डीएनएस तपासणीने पकडलं. काय असायला हवं आणि काय आहे, ते तिथे शेजारी शेजारी दिसतं. या एका पानासाठी मी मेलकाऊला अर्धा मार्क जास्त देईन.

डीमार्कबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकजण घाई करतात. डीमार्कमध्ये आपण जगाला सांगतो की आमच्या नावाने आलेला मेल खरा नसेल तर काय करा : काही करू नका, स्पॅममध्ये टाका, की परत लावा. जोडीला अहवाल मागवता येतात. गूगलसारखे मोठे लोक रोज एक झिप फाइल पाठवतात, आत एक्सएमएल. ती उघडून वाचणं म्हणजे सातबारा वाचण्यासारखं आहे, सवयीने जमतं. मी पहिले दोन महिने ‘काही करू नका’वर ठेवलं आणि अहवाल वाचत बसलो. तिसऱ्या आठवड्यात एक अनोळखी आयपी दिसला, रोज सकाळी साडेनऊला, आमच्या नावाने वीस-पंचवीस मेल. मला घाम फुटला. तपास केला तर ती निघाली आमच्याच बँकिंग सॉफ्टवेअरवाल्याची मशीन. ठेवीची मुदत संपत आल्याची सूचना ती सभासदांना परस्पर पाठवत होती, गेली चार वर्षं, आणि कार्यालयात कोणालाच पत्ता नाही. पहिल्या दिवशी ‘परत लावा’ केलं असतं तर या सूचना गुपचूप नाहीशा झाल्या असत्या आणि ठेवीदार काउंटरवर आले असते. आता त्यांचे मेल आमच्याच सर्व्हरवरून, वेगळ्या खात्याने जातात. मग ‘स्पॅममध्ये टाका’ आणि वार्षिक सभा उरकल्यावर ‘परत लावा’.

२०२४ ची ती वार्षिक सभा म्हणजे पहिली परीक्षा. सभा सप्टेंबरअखेर, गणपती ७ तारखेला, म्हणजे नोटीस काढायची ती चाकरमान्यांनी गाव भरलेलं असताना. सचिव म्हणाले, “सोड एकदम सगळ्यांना.” ईमेल दिलेले सभासद २,३०० च्या वर. नव्या आयपीवरून एका झटक्यात एवढे मेल सोडले असते तर पहिल्याच तासात पत गेली असती. मी ते पाच दिवसांत वाटून पाठवले, आधी ज्यांचे पत्ते चालू असल्याची खात्री होती ते. १४० परत आले, बहुतेक ‘जीमेल’चं स्पेलिंग चुकलेले. सभासद अर्ज हाताने भरण्याचा हा परिणाम.

येणाऱ्या स्पॅमच्या बाबतीत आरस्पॅमडीला तोड नाही. मेल जंकमध्ये टाकला की तो शिकतो, बाहेर काढला की उलट शिकतो. हे शाखांना सांगायला मात्र मला सात चकरा माराव्या लागल्या, कारण लोकांना नको असलेला मेल डिलीट करायची सवय. एक कुरबूर मात्र झाली. संशयित मेलला तो आधी ‘थोड्या वेळाने या’ म्हणून परत पाठवतो. खरा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅमवाले सहसा येत नाहीत. झकास युक्ती, पण एका सरकारी पोर्टलचा ओटीपी यात सापडला. मेल बारा मिनिटांनी आला, ओटीपी दहा मिनिटांत मेला. हेडक्लार्क काका तीन वेळा प्रयत्न करून माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “तुझी गाय ओटीपी रवंथ करते काय रे?” ही सोय पूर्ण बंद करता येते, पण करू नका. त्या पोर्टलचं डोमेन परवानगीच्या यादीत टाकलं, संपलं.

आता लाथ बसली तो दिवस. दिवाळीनंतरचा सोमवार, सकाळी सात. एका शाखेच्या व्यवस्थापकबाईंचा फोन : “सर, माझ्या इनबॉक्समध्ये दोनशे मेल आलेत, सगळे परत आलेले, आणि मी पाठवलेलेच नाहीत. जर्मन का काय ते वाटतंय.” मी लुंगीवरच लॅपटॉप उघडला. त्यांच्या खात्यातून पहाटे दोनपासून परदेशातल्या आयपींवरून मेल सुटत होते. पासवर्ड शाखेचं नाव आणि पुढे १२३. तोच पासवर्ड त्यांनी खरेदीच्या कुठल्याशा साइटवरही वापरला होता.

वाचवलं ते एका साध्या सेटिंगने. मेलकाऊमध्ये प्रत्येक मेलबॉक्सला तासाला किती मेल, अशी मर्यादा घालता येते. मी ६० घातली होती. पाच तासांत ३०० च्या आत सुटले. मर्यादा नसती तर आकड्याला शून्यं किती लागली असती याचा विचार नको. खातं बंद केलं, पासवर्ड बदलला, लॉग (सर्व्हरवर कधी काय झालं त्याच्या नोंदी) उतरवून घेतले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना सहा तासांत कळवायची असते. साडेअकराला कळवलं. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत. मेलकाऊच्या पॅनलमध्ये मूळ सेटिंगला शेवटच्या ९,९९९ ओळीच राहतात, त्यामुळे लॉग वेगळे साठवण्याची सोय आपण करायची. ती मी केली होती. नशीब नव्हे, मागच्या लेखापरीक्षकांनी विचारलं होतं म्हणून.

आम्ही एका यादीत दोन दिवस होतो, मग सुटलो. त्यानंतर जे केलं ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मेलबॉक्सच्या मुख्य पासवर्डने आयमॅप आणि एसएमटीपी (मेल प्रोग्रॅमने मेल आणायची आणि पाठवायची वाट) बंद करता येतं. तो पासवर्ड फक्त ब्राउझरमधून, दोन टप्प्यांच्या लॉगिनसह. मोबाइल आणि थंडरबर्डला (संगणकावरचा मेल वाचायचा प्रोग्रॅम) प्रत्येकी वेगळा अॅप पासवर्ड, जो मेलकाऊ बनवून देतो आणि कोणाला पाठ होत नाही. पाठ होत नाही म्हणूनच दुसऱ्या साइटवर वापरलाही जात नाही. शाखांनी आठवडाभर मला शिव्या घातल्या.

या बदलात आणखी एक गाठ पडली. खेड शाखेत एकाने फोनवर नवा पासवर्ड टाकला, पण त्याच्या टेबलावरचा थंडरबर्ड जुनाच घेऊन दर मिनिटाला दार ठोठावत राहिला. ठराविक चुकांनंतर मेलकाऊ त्या आयपीला बाहेर काढतो. अख्खी शाखा एकाच आयपीवर. सहाजणांचा मेल बंद, आणि ज्याच्यामुळे झालं तो सुट्टीवर. दोष द्यायचा कोणाला?

बॅकअपबद्दल थोडक्यात, पण कान देऊन ऐका. पहिले तीन महिने मी मेलचा फोल्डर तेवढा रोज दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत नेत होतो आणि शांत झोपत होतो. एका रविवारी सराव म्हणून रिकाम्या सर्व्हरवर तो उतरवून फाइल उघडली, तर आत गिचमिड. मेलकाऊ डिस्कवरचे मेल कुलूपबंद ठेवतो, आणि किल्ली वेगळ्या व्हॉल्यूममध्ये (साठवणीच्या दुसऱ्या कप्प्यात) असते. मी कपाट नेत होतो, किल्ली मूळ सर्व्हरवरच. पुराच्या आठवणीने पोटात गोळा आला. त्यांची स्वतःची बॅकअप स्क्रिप्ट ‘सगळं’ म्हणून चालवली की मेल, किल्ली, डेटाबेस सगळं येतं. ती वापरा, शहाणपणा करू नका. कॉन्फिग फाइलही जपा. आणि तीन महिन्यांतून एकदा परत उभं करून बघा.

आता कापलेला मार्क. सोगो दिसायला जुनाट आहे. कर्मचाऱ्याला पासवर्ड, अॅप पासवर्ड यासाठी मेलकाऊचं एक पान आणि मेल वाचायला सोगोचं दुसरं, यात वयस्कर मंडळी हरवतात. आणि अपडेट. साधारण महिन्या-दोन महिन्याला येतं, एका स्क्रिप्टने होतं, पण ते टाळून चालत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग नावाची, दुसऱ्याच्या नावाने मेल घुसवायची पळवाट उघड झाली, तिच्यात पोस्टफिक्सही होता. एप्रिल २०२४ च्या मेलकाऊत पॅनलमधल्या दोन गंभीर फटी बुजवल्या. अशा वेळी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्याने हा सर्व्हर घेऊ नये. पाच-दहा मेलबॉक्सच्या ऑफिसनेही घेऊ नये, सरळ पैसे भरावेत. आमचा बॅकअपच्या साठवणीसकट महिन्याचा खर्च २,७०० रुपये. कोटेशन त्याच्या अडीचपट होतं, पण माझे रविवार मी या हिशेबात धरलेले नाहीत. खजिनदारांनीही नाहीत.

चेअरमनसाहेबांचा प्रश्न डोक्यात होताच. दिवाळीच्या त्या सोमवारनंतर ज्यांच्या खात्याचं भजं झालं होतं, त्या व्यवस्थापकबाईच म्हणाल्या, “मला शिकवा.” दर शनिवारी अर्धा दिवस. त्यांनी वहीत सगळं मराठीत लिहून काढलंय, आधी बॅकअप, मग अपडेट, मग प्रत्येक कंटेनर उठला का ते. वहीवर झाकण म्हणून जुन्या पासबुकाचं प्लास्टिक.

गेल्या मे महिन्यात भाच्याचं लग्न होतं, कुडाळला. पंगत बसली आणि फोन वाजला. “सर, अपडेट केलं. सोगो उठलं नाही लगेच.” मी पानावरून उठायला लागलो. “बसा, बसा. दोन मिनिटं थांबले, मग उठलं. टेस्ट मेल पाठवलाय तुम्हाला, पोचला का तेवढं बघा. आणि जेवा.”